डोक्याला ताप

तापट माणसांविषयी माझ्या मनात लहानपणापासून एक चोरटा आदर आहे. आमच्या घराण्यात ती भरपूर होती. आजोबा तापले की माजघरातल्या भांड्यांनाही आवाज करायचा धीर होत नसे. पण त्याच आजोबांनी विहीर खणून घेतली, तीन बहिणींची लग्ने लावली आणि भावकीचे दोन तंटे कोर्टाची पायरी न चढता मिटवले. आजोळी आजी होती. तिच्या तापटपणाची कीर्ती तर नदीपलीकडच्या गावापर्यंत गेलेली. उलट आमचे एक काका थंड डोक्याचे म्हणून नावाजलेले होते. परंतु त्या डोक्यातून आयुष्यभरात काही बाहेर पडल्याचे कुणाला आठवत नाही. तेव्हापासून माझी अशी समजूत होऊन बसली आहे की, ज्याच्या आत काही चालू असते ते तापते, आणि ज्याच्या आत काहीच चालू नसते ते सुखाने थंड राहते.

या समजुतीला शास्त्राचा आधार आहे हे मला साठी उलटल्यावर कळले, आणि ते कळायला कारण झाला एक लॅपटॉप.

पूर्वी वडिलांचा जुना कोट उसवून त्यातून मुलाचा कोट शिवीत. आता गंगा उलटी वाहते. आमचे चिरंजीव पुण्याला नोकरीला आहेत. दर चार वर्षांनी त्यांना नवे यंत्र लागते आणि जुने यंत्र वडिलांच्या वाट्याला येते. "बाबा, तुम्हाला लिहिण्यापुरता पुष्कळ आहे हा," असे म्हणून त्यांनी तो माझ्या स्वाधीन केला. 'तुला पुष्कळ आहे हा' असे कोट देताना माझे वडीलही म्हणत असत, त्यामुळे मला वाईट वाटले नाही. फक्त एका गोष्टीची मौज वाटली. लॅप म्हणजे मांडी. ज्याचे नावच मांडीवरून पडले आहे, त्याला मांडीवर घेऊन बसावे तर दहा मिनिटांत धोतरातून चटका बसतो! दत्तक घेतलेले मूल पहिल्याच दिवशी मांडीवर बसायला नाकारते, तसा प्रकार.

त्यातून आम्ही राहतो नागपुरात. नागपूरकर उन्हाळ्याविषयी बोलू लागला की पुण्यामुंबईची माणसे एकमेकांकडे पाहून हसतात. हसोत बापडी. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तो दिवस आम्ही भोगलेला आहे. ३० मे २०२४ रोजी तर इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने चक्क छप्पन अंश दाखवले. दुसऱ्या दिवशी हवामान खात्याने खुलासा केला की, तापमान तितके नव्हते, यंत्राचा संवेदकच बिघडला होता. माणसाने म्हटले असते, 'उन्हाने त्याचे डोके फिरले.' नवतपाचे ते दिवस. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, आणि घरात कूलरची अखंड घरघर. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. ते कुणाच्या तरी नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडलेले असते. अशा दुपारी माझे काम चाले. आणि त्या कामाला दुसरी वेळ नव्हती.

काम असे होते. माझी आई १९३८ सालची. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यापासून तिला विसर पडू लागला. आधी चष्मा, मग गॅस, मग सकाळी कोण येऊन गेले ते. डॉक्टर भला माणूस. तो म्हणाला, "नवं आधी जाईल, जुनं बराच काळ राहील. पण ते कायम राहील असं मी सांगत नाही." त्या वाक्याचा अर्थ मी घरी येईपर्यंत रिक्षात बसून लावला, आणि दुसऱ्या दिवसापासून आईला बोलते करायला लागलो. ती सांगे आणि मी टिपून घेई. मास्तरकी केल्यामुळे माझा हात झरझर चालतो. अक्षर मात्र आता मलाच लागत नाही, म्हणून लॅपटॉप.

आईची बोलण्याची वेळ ठरलेली. सकाळी ती गोंधळलेली असते, संध्याकाळी उदास. दुपारी जेवण झाले, मधल्या खोलीत कूलर लागला, आणि मांडीवर कापूस घेऊन ती वाती वळायला बसली की तिची जीभ मोकळी होते. लाख वातींचा तिचा संकल्प आहे. बोटे वाती वळत असतात आणि तोंड ऐंशी वर्षांपूर्वीच्या गावात हिंडत असते. वर्ध्याजवळचे ते गाव. सुगीत कापसाच्या गाड्यांची रांग लागे, बैलांच्या गळ्यातल्या घंटा रात्रभर वाजत, आणि जिनातून उडालेले तंतू बाभळींवर असे अडकत की, सबंध झाड म्हातारे झाल्यासारखे दिसे. दिवसाचे ओटे तापत म्हणून उन्हाळ्यात सगळे घर अंगणात निजे. पाण्याच्या रांजणाला ओले गोणपाट गुंडाळीत आणि त्यावर पाणी शिंपडायचे काम पोरींकडे असे. पायली, अधोली, शेर ही मापे कुठल्या कोनाड्यात असत, कणगीच्या तळाशी कडुनिंबाचा पाला का घालीत, कुठल्या मामीने कुठल्या लग्नात रुसून पंगत अडवली, हे सगळे ती असे सांगे की, जणू ती मामी अजून माजघरात रुसून बसली आहे.

मी टाइप करीत होतो आणि लॅपटॉप तापत होता. आधी त्याच्या पोटातला पंखा हळूच कुजबुजे. मग घरघर सुरू होई. मग ती पिठाच्या गिरणीच्या थाटात वाढे. आई वात वळता वळता म्हणे, "तुझं यंत्र घोरून राहिलं बाप्पा." कधी ती मायेने त्याच्या पाठीला उलटा हात लावी, आपण पोराच्या कपाळाला लावतो तसा, आणि म्हणे, "अंग किती तापलं रे याचं! काही दिलं की नाही याला?"

मेच्या अखेरीस एका दुपारी आई तिच्या मोठ्या बहिणीविषयी बोलू लागली. मला एक मावशी होती हेच मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळत होते! आजोळी तिचे नाव कुणी कधी उच्चारलेले मी ऐकले नव्हते. आई तेव्हा सहा वर्षांची, बहीण आठ वर्षांची. साल १९४४. बहिणीला मुदतीचा ताप आला. त्या तापावर तेव्हा औषध नव्हते. क्लोरॅम्फेनिकॉल हे टायफॉइडवरचे पहिले गुणकारी औषध १९४८ च्या सुमारास वापरात आले, म्हणजे अवघी चार वर्षे उशिरा. तोवर वैद्य, लंघन, आणि कपाळावर ओल्या पट्ट्या. आजी स्वयंपाकाला उठली की पट्ट्या बदलायचे काम धाकटीकडे. रांजणातून तांब्याभर पाणी आणायचे, फडके भिजवायचे, पिळायचे, कपाळावर ठेवायचे. तापले की काढायचे, पुन्हा भिजवायचे.

"एकोणिसावा दिवस होता," आई म्हणाली. तिची बोटे थांबली होती. "मी पट्टी ठेवली. ती डोळे उघडून माझ्याकडे पाहून राहिली. मग म्हणाली..."

आणि लॅपटॉपचा पडदा काळा झाला. गिरणीचा पट्टा तुटावा तसा आवाज एकदम थांबला. मी दचकलो, काहीतरी उद्गारलो, आईही दचकली. तिने माझ्याकडे पाहिले, यंत्राकडे पाहिले, आणि समोरचा कापूस उचलून पुन्हा वात वळायला घेतली.

"मग काय म्हणाली ती?" मी विचारले.

"कोण?" आई म्हणाली.

अर्ध्या तासाने यंत्र थंड झाल्यावर मी ते सुरू केले. त्याने शेवटच्या वाक्यापर्यंत सगळे जपून ठेवले होते. आईने ठेवले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी विषय काढला, तिसऱ्या दिवशी काढला. ती मामीवर जाई, रांजणावर जाई, बैलांवर जाई. मी बहिणीचे म्हटले की माझ्याकडे शांतपणे पाहून म्हणे, "कोणती बहीण?"

घरात ताप आला की सल्ले देणाऱ्यांची उणीव पडत नाही. शेजारच्या नानांनी सांगितले, "पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा." थंड वस्तू दमट हवेत बाहेर काढली की तिला घाम फुटतो, आणि विजेच्या यंत्राला आतून घाम फुटणे म्हणजे काय हे नानांना समजावून सांगण्यात माझी एक संध्याकाळ गेली. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी बर्फाची पिशवी पाठवली. चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, एकाच वेळी किती खिडक्या उघडून ठेवता?" मी म्हटले, "नागपुरात आम्ही मेमध्ये एकही खिडकी उघडत नाही." सौ. म्हणाली की, त्याला आता पेन्शन द्यावी. खरा उपाय आईने केला. एक दिवस मी आंघोळीहून येतो तो लॅपटॉप माठाच्या तिवईवर बसलेला! माठ खाली भुईवर. "खालून वारा लागू दे त्याला," आई म्हणाली. "माठ भुईवर ठेवला तर पाणी थंड होते का?"

मला हसू आले, पण पुढे वाचल्यावर दिसले की, आईने शास्त्राला धरूनच सांगितले होते. या यंत्राचे नाक बहुधा पोटाखाली असते. ते गादीवर, उशीवर, पांघरुणावर ठेवले की त्याचा श्वास कोंडतो. तिवईवर ठेवल्यापासून ते आधीपेक्षा पंधरा-वीस मिनिटे अधिक टिकू लागले. पण पंधरा-वीस मिनिटेच.

मग मी मास्तरकीच्या जुन्या सवयीने मुळाशी जायचे ठरवले. हे तापते तरी का? इंग्लंडातल्या मँचेस्टरजवळ बीअर गाळणाऱ्याच्या घरात जन्मलेल्या जेम्स ज्यूल याने १८४० च्या सुमारास दाखवून दिले की, तारेतून वीज गेली की तार तापते, आणि वीज दुप्पट केली तर ताप चौपट होतो. हा ज्यूल लग्नानंतर आल्प्स पर्वतात फिरायला गेला तेव्हाही हातात लांबलचक थर्मामीटर घेऊन धबधब्यांचे पाणी वरून खाली पडल्यावर किती तापते ते पाहत होता, अशी गोष्ट लॉर्ड केल्व्हिनने सांगून ठेवली आहे. नव्या नवरीचे काय मत झाले ते सांगितलेले नाही.

गणिती यंत्रे जन्मापासूनच तापट. १९४६ साली फिलाडेल्फियात लोकांपुढे आलेल्या एनियाक या यंत्रात सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह होते आणि ते दीडशे किलोवॉट वीज खाई. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेले यंत्र १९६० मध्ये पूर्णत्वास गेले. पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. त्यात २,७०० व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत लालसर उजळत असे ती काचेची बाटली. म्हणजे अडीच हजारांवर लहानलहान शेगड्या एका दालनात पेटलेल्या. माझ्या तिवईवरच्या यंत्रात व्हॉल्व्ह नाहीत, पण नखाएवढ्या तुकड्यावर कोट्यवधी सूक्ष्म कळा आहेत, आणि त्या सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करतात. एकूण वीज फार नाही. आपण ज्याला झिरोचा बल्ब म्हणतो तो वस्तुतः पंधरा वॉटच्या आसपास खातो, तितकी किंवा त्याच्या दुप्पट-तिप्पट. पण ती सगळी नखाएवढ्या जागेत! चौरस सेंटिमीटरचा हिशेब मांडला तर कपड्यांची इस्त्री त्याच्यापुढे शांत स्वभावाची ठरते.

ही उष्णता बाहेर कशी न्यायची? इथे मला आईच्या माठाचा भाऊबंद भेटला. त्या तुकड्याला चिकटून एक चपटी तांब्याची नळी असते. नळीत थोडेसे पाणी असते आणि आतली हवा काढून घेतलेली असते, म्हणून ते पाणी शंभर अंशांची वाट न पाहता पुष्कळ कमी तापमानालाच उकळते. वाफ नळीच्या दुसऱ्या टोकाला पळते, तिथल्या पातळ पट्ट्यांना आपली उष्णता देऊन पुन्हा पाणी होते, आणि दिव्यातले तेल वातीतून चढते तसे आतल्या सच्छिद्र अस्तरातून मूळ जागी परत येते. ही युक्ती अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर याने १९६३ साली सिद्ध केली. तांब्याचा माठ आणि आत वात! आईला हे सांगितले तेव्हा तिला त्यात काही नवल वाटले नाही. "पाणी आणि वात असल्याशिवाय कोणतं घर चालते?" ती म्हणाली.

पट्ट्यांवरून पंखा वारा घालतो आणि ऊब बाहेर जाते. पण पंखा खोलीतलाच वारा घालणार. खोलीच चाळीस अंशांवर असली तर तो बिचारा करणार काय? मग यंत्र शहाणपणा करते. आपली गती आपणच कमी करते. दुपारी सीताबर्डीतले दुकानदार निम्मे शटर ओढून आत गल्ल्यावर पेंगतात, तसे. आणि तेवढ्यानेही भागले नाही, आतला पारा शंभर अंशांच्या घरात गेला, की जीव वाचवण्यासाठी ते एकदम डोळे मिटते. त्या दुपारी आमच्याकडे झाले ते हे. त्याने आईचे वाक्य तोडले ते स्वतःची स्मृती जाऊ नये म्हणून.

शेवटी मी ते दुरुस्तीवाल्याकडे नेले. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. त्याने यंत्र कानाशी धरले, मग बाहेरच्या जाळीपुढे तळहात धरला. "काका, पंखा तर फिरून राहिला. पण हवाच नाही निघून राहिली." बारीक पेचकसाने त्याने बारा स्क्रू काढले, खालचे झाकण उचलले, पंखा सोडवला. पंखा आणि त्या तांब्याच्या पट्ट्या यांच्यामध्ये करड्या रंगाची एक जाड पट्टी बसली होती, एखाद्याने मापाने कापून शिवावी तशी. त्याने ती चिमट्याने अलगद उचलली. ती न तुटता सबंध निघाली. "मी तर धूळ पाहतो रोज," तो म्हणाला. "हे धूळ नाही. हे कापूस आहे. तुमच्याकडे गादीचं काम चालते काय?"

मी ती पट्टी हातात घेतली. वरून मळकी, पण मधून उलगडली तर आत पांढरेशुभ्र तंतू. आईच्या वातींचे. वर्ष-दीड वर्ष ती बोलत होती, वळत होती, आणि तिच्या बोटांतून सुटलेला तंतून् तंतू यंत्र पोटात घेत होते. तिचे शब्द एका बाजूने आणि तिचा कापूस दुसऱ्या बाजूने! शब्द त्याने जपले आणि कापसाने त्याचा श्वास कोंडला. जिनाजवळच्या बाभळींचीही हीच गत होत असे.

पोराने पट्ट्या ब्रशने झाडल्या. तुकडा आणि नळी यांच्यामधला लेप वाळून पापुद्रा झाला होता. तो खरवडून वाटाण्याएवढा नवा लेप घातला. बॅटरी दाबून पाहिली आणि म्हणाला, "फुगली नाही, नशीब. फुगली असती तर आधी ती बाहेर. फुगलेल्या बॅटरीशी मजाक नाही करायचा." सहाशे रुपये घेतले. कापसाची पट्टी तो केरात टाकणार, तोच मी मागून घेतली. घरी आल्यावर आईला दाखवली. तिने ती चिमटीत धरून, पिंजून पाहिली. "चांगला कापूस आहे," ती म्हणाली. "कुठे मिळाला?"

यंत्र बरे झाले. पण ज्याच्यासाठी ते बरे करायचे ते वाक्य काही परत येत नव्हते. जून गेला, जुलै गेला. त्या दिवसांत वाचता वाचता मला एक असा सिद्धान्त भेटला की, मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो. यंत्राने हिशेब करायला तत्त्वतः उष्णता लागलीच पाहिजे असे नाही. पण १९६१ मध्ये रॉल्फ लँडाउअर नावाच्या शास्त्रज्ञाने असे मांडले की, साठवलेली माहिती पुसायची असेल तर मात्र उष्णता बाहेर टाकावीच लागते. त्यातून सुटका नाही. एक खूण पुसायची किंमत अत्यल्प आहे. एका ज्यूलचे एकावर एकवीस शून्ये इतके भाग करावेत आणि त्यांतले सुमारे तीन घ्यावेत, इतकी. प्रत्यक्ष यंत्रे याहून कितीतरी पट अधिक तापतात, ती इतर कारणांनी. पण ही किमान किंमत निसर्गाने ठरवलेली आहे, आणि २०१२ मध्ये ती प्रयोगाने पडताळूनही पाहिली गेली. म्हणजे लक्षात ठेवणे फुकट असू शकते. विसरणे फुकट नाही.

आता, यंत्राचा नियम माणसाला लावू नये हे मला कळते. माणसाचा मेंदू सगळा मिळून वीस वॉटवर चालतो, झिरोच्या बल्बाहून थोडा जास्त, आणि तेवढ्यात तो आठवतो, विसरतो, रडतो आणि वातीही वळतो. आईच्या विसरण्याने खोली तापत नव्हती. परंतु एखादे नाव घरातल्या घरात पुसायचे, ते पुन्हा कधी उच्चारायचे नाही, असे एखाद्या घराने ठरवले तर त्याची किंमत कुणी भरायची?

याचे उत्तर मला ऑगस्टमध्ये मिळाले. पावसाळी पहाट होती. विजा गेल्या होत्या, कूलर नव्हता, पंखा नव्हता. पाणी प्यायला उठलो तो आई खाटेवर बसलेली. मी शेजारी बसलो. बाहेर कौलांवरून पाणी गळत होते. तिने आपण होऊन सुरुवात केली, जणू मधले तीन महिने नव्हतेच.

"ती म्हणाली, तुझे हात भिजून सुरकुतले. जा, खेळून ये थोडी. मग मी गेली अंगणात. पोरी सागरगोटे खेळून राहिल्या होत्या. माझा डाव आला. परत आली तर आई दारात उभी होती, आणि मला आत जाऊ देत नव्हती."

ती थोडा वेळ थांबली.

"आई आधी तापट नव्हती रे," ती म्हणाली. "तुम्ही पोरांनी नंतरची पाहिली. आधी ती गाणी म्हणे कांडताना. त्या दिवसानंतर घरात नाव घेतलं तर तिचा पारा चढे. म्हणून कोणी घेतलं नाही. मीही नाही घेतलं. मला वाटे, खेळायला गेली म्हणून रागावली माझ्यावर."

आजोळच्या आजीच्या तापटपणाच्या गोष्टी सांगून आम्ही भावंडे किती हसलो होतो! एका दुपारी सांडलेल्या ताकावरून तिने सबंध घर उन्हात उभे केले होते, ही तर आमच्या घराण्यातली पेटंट गोष्ट. आत काही चालू असते तेच तापते, हे मी या लेखाच्या सुरुवातीला मोठ्या डौलात सांगितले. त्यात आता एवढीच भर घालतो की, आत काय चालू आहे ते बाहेरून कळत नाही; बाहेर येते ती फक्त उष्णता.

मी आईला म्हटले, "आजी तुझ्यावर रागावली नव्हती." तिने माझ्याकडे पाहिले. "हो ना?" ती म्हणाली. मग मी म्हटले, "तिनंच तर तुला खेळायला पाठवलं." यावर तिने लहान मुलीसारखी मान हलवली आणि पुन्हा म्हणाली, "हो. तिनंच पाठवलं." दिवे आल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि मे महिन्यापासून 'मग म्हणाली' पाशी अडकलेले वाक्य पुरे केले. पंखा इतका हळू फिरत होता की, मला वाटले बंदच आहे. आईने मावशीचे नाव सांगितले, तेही लिहिले. ते इथे देत नाही. ते घरचे आहे. पण आता ते आईबरोबर जाणार नाही. नातवंडांनी पाठ केले आहे, आणि आमच्या घरात ते नाव आता मोठ्याने घेतले जाते. पहिल्या दिवशी कुणी घेतले तेव्हा आई दचकली. आता दचकत नाही.

कोणी वाचक असे यंत्र बाळगून असतील तर त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. त्याला गादीवर निजवू नये. तिवई, पाट, काही नसेल तर दोन चपट्या लाकडी पट्ट्या, पण खालून वारा खेळला पाहिजे. वर्षातून एकदा जाणत्या हातून पोट साफ करून घ्यावे. फुगवटा दिसला तर त्याच दिवशी दुकान गाठावे. भर दुपारी ते पेंगू लागले तर त्याच्यावर चिडू नये. नागपुरात त्या वेळी सगळेच पेंगतात. आणि घरात कुणी म्हातारे माणूस त्याच्या शेजारी बसून वाती वळत असेल, तर यंत्र हलवावे. माणूस हलवू नये.

आम्ही तसेच केले आहे. लॅपटॉप तिवईवर खिडकीशी, आई तिच्या जुन्या जागी. दिवाळी जवळ आल्यामुळे तिचा हात भरभर चालतो आहे. लाखाचा संकल्प कुठवर आला म्हणून मी परवा विचारले. ती मोजते, पण मध्येच आकडा विसरते आणि पुन्हा एकपासून सुरुवात करते. त्यामुळे लाख काही पुरे होत नाहीत. मात्र आमच्या घरी वातींची ददात नाही. यंदा शेजारपाजारच्या पणत्यांतही त्याच आहेत.